तिहाईतला एक सेकंद: एका कथक नृत्यपटाचं प्रकरण

पार्श्वभूमी

पुण्यातला एक तरुण दिग्दर्शक आणि तिथल्याच एक ज्येष्ठ कथक गुरू यांनी मिळून एक छोटा नृत्यपट केला. दोघांच्या संमतीने, नावं आणि ओळखीच्या खुणा गाळून हे लिहितोय. दिग्दर्शकाचे आधीचे दोन माहितीपट आणि बऱ्याच जाहिराती होत्या, नृत्यपट मात्र पहिलाच. गुरूंना क्लासमध्ये सगळे ताई म्हणतात, इथेही तेच म्हणू. त्यांचं तीसेक वर्षांचं काम रंगमंचावरचं. कॅमेऱ्याशी संबंध आला तो गुरुपौर्णिमेच्या कार्यक्रमाच्या रेकॉर्डिंगपुरता, म्हणजे शेवटच्या रांगेमागे ट्रायपॉडवर लावून ठेवलेला एक कॅमेरा. मी संकलक. सुरुवातीला या कामात नव्हतो. दोघांचं बोलणं बंद पडल्यावर रफ कट, म्हणजे पहिलं कच्चं संकलन, बघून मत द्यायला मला बोलावलं.

कल्पना दिग्दर्शकाची. माया डेरेनने १९४५ मध्ये टॅली बीटी या नर्तकाबरोबर काही मिनिटांचा एक मूक नृत्यपट केला होता. त्यात नर्तक जंगलात पाय उचलतो आणि तो पाय खाली टेकतो थेट घरातल्या खोलीत. जे रंगमंचावर शक्यच नाही ते एका कटने होतं. पहिल्याच भेटीत दिग्दर्शकाने ताईंना ते लॅपटॉपवर दाखवलं. श्रेयनामावलीत डेरेन आणि बीटी यांची नावं बरोबरीने येतात. दिग्दर्शकाच्या मनात तो पाय राहिला, ताईंच्या मनात ती दोन नावं. पुढचं निम्मं भांडण तिथेच पेरलं गेलं, असं माझं मत आहे.

ठरलं ते असं: साधारण दहा मिनिटांचा नृत्यपट, ताल सोळा मात्रांचा तीनताल, ताईंच्या क्लासमधल्या पाच मुली, वाईकडचा कृष्णेवरचा एक जुना घाट, शूटिंग मार्चमध्ये. बजेट सहा लाखांच्या आसपास, त्यातले निम्मे दिग्दर्शकाचे स्वतःचे. ताईंना नृत्यरचनेचं एकरकमी मानधन. करार वगैरे काही नाही, सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर. संकलनाबद्दल एकच मेसेज होता: ‘एडिट आपण एकत्र बसून बघू.’ दिग्दर्शकाच्या हिशेबी याचा अर्थ झालेलं काम दाखवणं, ताईंच्या हिशेबी सोबत बसून ठरवणं.

शूटिंगपर्यंत

तालमी सहा आठवडे क्लासच्या हॉलमध्ये झाल्या. ताईंनी रचना बसवली ती समोर प्रेक्षक धरून. कथकमध्ये नजर, हस्तक (हातांच्या हालचाली), चक्कर संपवून घेतलेला पवित्रा, सगळं समोरच्या माणसासाठी असतं. दिग्दर्शक तालमीला दोनदा आला, मोबाइलवर शूट करून गेला आणि घरी बसून शॉट लावले. ते शॉट ताईंनी बघितले नाहीत, आणि रचनेत कुठलं आवर्तन (तालाचा एक पूर्ण फेरा) कशासाठी आहे हे दिग्दर्शकाने विचारलं नाही. दोघांचं एकमेकांबद्दल मत उत्तम होतं, त्यामुळे विचारायची गरज कुणालाच वाटली नाही.

घाटावर पहिला प्रश्न आला तो दगडाचा. कथकची चक्कर टाचेवर फिरते. हॉलच्या लाकडी फरशीवर टाच सहज फिरते, घाटाच्या खडबडीत काळ्या दगडावर ती अडते. तालीम म्हणून चार-पाच चकरा घेतल्या तर एका मुलीच्या टाचेची साल निघाली. त्यात पायऱ्या उतरत्या, म्हणजे तोल गेला तर थेट पाण्यात. ताईंनी तिथल्या तिथे सांगितलं, “दगडावर चक्कर होणार नाही. मुलींच्या पायावर मला अजून वीस वर्षं नाच करायचाय.” हा निर्णय त्यांनी एका मिनिटात घेतला आणि तो बरोबर होता.

मग दिग्दर्शकाने मार्ग काढला. १८ मिलिमीटरचं प्लायवूड आणून काळं रंगवलं, खाली काथ्याची चटई घातली आणि चकरांचे शॉट त्यावर घेतले. प्लायवूड दिसू नये म्हणून फ्रेम गुडघ्याच्या वर धरली. पाय नाहीत म्हटल्यावर ताई नाराज झाल्या. तडजोड म्हणून छोट्या जिबवरून, म्हणजे कॅमेऱ्याच्या क्रेनवरून, वरून शॉट घेतला. अंगरख्याचा घेर फुलतो, पाय घेराखाली जातात, काळं प्लायवूड पहाटेच्या उजेडात दगडात मिसळून जातं. नृत्यपटात आज लोकांना सगळ्यात जास्त आवडतो तो हाच शॉट, आणि तो कुणीच आधी ठरवलेला नव्हता.

दुसरी गोष्ट त्या दिवशी कुणाच्या लक्षात आली नाही. दिग्दर्शकाने चकरांचे काही शॉट सेकंदाला १०० फ्रेमने घेतले, म्हणजे २५ फ्रेमच्या टाइमलाइनवर ते चौपट संथ दिसणार. घाटावरच्या छोट्या मॉनिटरवर ते सुरेख दिसले. ताईंनाही आवडले. ते तालात कुठे बसणार, हा प्रश्न कुणी विचारलाच नाही.

अडचण

मे अखेर रफ कट तयार झाला. दिग्दर्शकाने लिंक पाठवली. ताईंनी ती संध्याकाळी क्लासमध्ये मुलींसोबत बघितली. मुली सवयीप्रमाणे हातावर ताल धरून बसल्या होत्या. पाचव्या मिनिटाला सगळ्यांचे हात एकदम थांबले. एकीने विचारलं, “ताई, सम कुठे गेली?”

सम म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा. नेमकं काय झालं होतं ते सांगतो. रचनेच्या मध्यावर एक साधी दमदार तिहाई आहे: एकच तुकडा (पल्ला) तीनदा येतो, मध्ये थांबा (दम) असतो आणि शेवट समेवर होतो. पल्ला पाच मात्रांचा, दोन पल्ल्यांच्या मध्ये एक-एक मात्रेचा दम. पाच, एक, पाच, एक, पाच अशा सतरा मात्रा. पहिल्या मात्रेवर उचलली की सतरावी मात्रा म्हणजे पुढच्या आवर्तनाची सम. दमाच्या त्या एका मात्रेत पाचही मुली पुतळ्यासारख्या उभ्या राहतात. ती तशी जागा असते म्हणूनच तिसऱ्या पल्ल्याचा शेवटचा ‘थेई’ समेवर अंगावर येतो.

दिग्दर्शकाला संकलन करताना त्या दोन मात्रा रिकाम्या दिसल्या. कुणी हलत नाही, नदीही स्तब्ध. त्याने दोन्ही कापल्या. लय मिनिटाला १२० मात्रांच्या आसपास होती, म्हणजे मात्रा अर्ध्या सेकंदाची, दोन मिळून एक सेकंद. चित्र घट्ट झालं, यात शंका नाही. पण तिहाई आता पंधराव्या मात्रेवर संपू लागली. ती समेवर आणायला त्याने लेहऱ्यातूनही (तालाबरोबर फिरत राहणाऱ्या सुरावटीतूनही) दोन मात्रा काढल्या आणि जोड ऐकू येऊ नये म्हणून वर पाण्याचा आवाज टाकला. तीनतालाचं एक आवर्तन चौदा मात्रांचं झालं. तालाशी संबंध नसलेल्या माणसाला काहीही कळणार नाही. ज्याला कळतं त्याला जिना उतरताना पायरी चुकावी तसं होतं.

ताईंनी फोन केला. “अरे, दमच काढून टाकलास तू.” तो म्हणाला, “ताई, एका सेकंदाचा तर प्रश्न आहे.” दोघांनीही हे मला नंतर वेगवेगळं सांगितलं आणि दोघांचीही खात्री होती की हे वाक्य आपलीच बाजू भक्कम करतं.

त्यानंतर ताईंनी तेवीस तक्रारींची यादी पाठवली. पाय कापलेत, चेहरा फार जवळ आहे, चक्कर तरंगते, समेवर मुलींऐवजी घाटावरची घंटा दाखवली आहे. शेवटची ओळ होती: हे बदललं नाही तर माझं नाव काढा. दिग्दर्शकाने उत्तर दिलं नाही. एका महोत्सवाची प्रवेशिकेची मुदत जुलैत होती.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय कायद्याचा. दोघांच्याही ओळखीच्या लोकांनी तो सुचवला होता. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात नृत्यरचना ‘नाट्यकृती’त मोडते, पण ती लेखी किंवा अन्य रूपात पक्की केलेली असावी लागते, आणि त्या व्याख्येतून चित्रपट वगळलेला आहे. ताईंच्या वहीत बोल आणि मात्रा नीट लिहिलेल्या होत्या, अंगाच्या हालचाली नव्हत्या. चित्रपटाचा कर्ता कायद्याने निर्माता, म्हणजे इथे दिग्दर्शकच. २०१२ च्या दुरुस्तीने कलाकाराला आपल्या सादरीकरणाची मोडतोड झाली तर हरकत घेण्याचा हक्क मिळाला, पण संकलनासाठी किंवा ठरावीक वेळेत बसवण्यासाठी काही भाग काढला तर तेवढ्याने प्रतिष्ठेला बाध आला असं धरत नाहीत, असंही तिथेच लिहिलंय. थोडक्यात, ताईंची बाजू कागदावर फार बळकट नव्हती. शिवाय भांडून जिंकलं असतं तरी हाती काय आलं असतं? न दाखवलेला नृत्यपट.

दुसरा पर्याय, ताईंचं नाव काढून नृत्यपट जुलैत पाठवणं. दिग्दर्शक दोन दिवस याच विचारात होता. अडचण अशी की पाचही मुली ताईंच्या. त्यांनी सह्या केल्या असत्या, पण पुन्हा क्लासमध्ये पाय कसा ठेवला असता?

तिसरा, दोन आवृत्त्या. महोत्सवासाठी दिग्दर्शकाची, क्लाससाठी ताईंची. ऐकायला सगळ्यांना सोयीचं. मी याच्या विरोधात होतो. अशाने चूक कुठे आहे हे कुणी शोधतच नाही, आणि ऑनलाइन जी आधी जाते तीच खरी ठरते.

चौथा, तक्रारी वेगळ्या करून संकलन पुन्हा करणं आणि लागलं तर थोडं शूटिंग. यात वेळ जाणार होता, जुलैची मुदत हुकणार होती आणि पैसे संपले होते.

काय केलं

चौथा पर्याय घेतला, पण तो ‘घ्यायचाच’ असं ठरवून नव्हे. आधी एक साधा प्रयोग केला. ताईंना माझ्याकडे बोलावलं, रफ कटचा आवाज पूर्ण बंद केला आणि त्यांना चित्राकडे बघत पढंत करायला सांगितलं. टाळी देत, बोल म्हणत, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. ते रेकॉर्ड केलं. जिथे पढंत आणि चित्र फुटलं तिथे टाइमलाइनवर लाल मार्कर टाकले. दिग्दर्शक मागे बसून होता. आपण काय कापलं हे त्याला तेव्हा पहिल्यांदा दिसलं, कारण ताई दमाच्या जागी टाळी देऊन गप्प राहिल्या आणि पडद्यावर मुली पुढच्या पल्ल्यात पोचलेल्या.

लाल मार्कर सहाच निघाले. तक्रारी तेवीस. बाकीच्या सतरा तालाच्या नव्हत्या, आवडीच्या होत्या. ताईंना पूर्ण अंग दिसायला हवं होतं, कारण रंगमंचावर ते दिसतं. दिग्दर्शकाला डोळे, मनगट, घुंगरांच्या दोरीचा पायावर उमटलेला वण दाखवायचा होता, कारण तो रंगमंचावर कधीच दिसत नाही. या सतराच्या बाबतीत माझं मत बहुतेक ठिकाणी दिग्दर्शकाच्या बाजूने होतं आणि मी ते ताईंना सांगितलं. त्यांनी चहा संपेपर्यंत उत्तर दिलं नाही. मग म्हणाल्या, “सहा जागा मला द्या. बाकीचं त्याचं.”

हा सगळ्यात मोलाचा टप्पा. तेवीस गोष्टींवर कुणाचीही समजूत पडली नसती. सहांवर पडली, कारण त्या मोजता येत होत्या.

सहापैकी तीन जागा नुसत्या कापलेल्या मात्रा परत टाकून सुटल्या. तिहाईच्या दमात दिग्दर्शकाने आता एक युक्ती केली. मुली स्थिर, पण कॅमेरा त्यांच्यावर न ठेवता पहिल्या दमात एकीच्या गळ्याशी हलणारा श्वास आणि दुसऱ्यात पाण्यावरची लहर. ही लहर त्याच्याकडे आधीपासून होती, भलत्याच ठिकाणी पडून. ताईंनी ते बघून मान डोलावली. समेवर मात्र घंटा गेली आणि मुलींचे पाय आले.

दोन जागा संथ चकरांच्या. चौपट संथ केलेली चक्कर कुठल्याच मात्रेवर बसत नव्हती. ताईंचं म्हणणं होतं, चक्कर तरंगत नाही, ती येऊन बसते. त्या ठिकाणी नेहमीच्या वेगाचा वरून घेतलेला शॉट गेला. दिग्दर्शकाला संथपणा कुठेतरी हवाच होता, म्हणून सुरुवातीच्या विलंबित थाटासाठी (संथ लयीतल्या पवित्र्यांसाठी) दुसरी पद्धत वापरायचं ठरलं: गाणं दुप्पट वेगाने वाजवायचं, मुलींनी दुप्पट वेगाने नाचायचं, कॅमेरा सेकंदाला ५० फ्रेमने चालवायचा. २५ फ्रेमवर आणलं की लय जागच्या जागी येते, पण कपडा आणि केस हवेत रेंगाळतात. ही युक्ती द्रुत लयीत चालत नाही. १२० चं २४० केलं की तत्काराचा (पायांच्या ठेक्यांचा) नुसता गोंधळ होतो. विलंबितात ६० चं १२० होतं, ते मुलींच्या रोजच्या रियाजाचं.

त्यासाठी आणि सहाव्या जागेसाठी पुन्हा घाटावर जावं लागणार होतं. तोवर जून उजाडला. महाबळेश्वरकडचा पाऊस आणि वरचं धोम धरण, दोन्हींमुळे पावसाळ्यात कृष्णेचं पाणी घाटाच्या पायऱ्या चढतं. मार्चमध्ये ज्या पायऱ्यांवर नाच झाला त्यातल्या खालच्या तीन बुडाल्या होत्या. दिवाळीनंतर एक पहाट मिळाली. पाणी मार्चपेक्षा तरीही वरच होतं, म्हणून पाण्याची रेघ न येईल अशाच फ्रेम धरल्या. त्या पहाटेचा खर्च दिग्दर्शकाने केला. पाच मुलींच्या गाडीचे पैसे ताईंनी दिले. हे कुणी मागितलं नव्हतं, पण मुलींनी ते पाहिलं.

घुंगरांचा आवाज शेवटी घाटावरचा वापरलाच नाही. दगडावर पायाचा आवाज बसका येतो आणि जवळ लावलेल्या माइकवर घुंगरांचा ठोका फाटतो. त्याच मुलींना हॉलच्या लाकडी फरशीवर उभं करून, पडद्यावर चित्र लावून, तत्कार नव्याने रेकॉर्ड केला.

परिणाम

नृत्यपट बारा मिनिटांचा झाला. जुलैचा महोत्सव गेला. पुढच्या वर्षी तीन छोट्या महोत्सवांत दाखवला गेला आणि क्लासच्या गुरुपौर्णिमेलाही. तिथे तिहाईच्या समेवर प्रेक्षागृहातून दाद आली, ती नृत्यपटाला आली की तिहाईला हे सांगणं कठीण. श्रेयनामावलीत दिग्दर्शक आणि ताई एकाच फलकावर आहेत.

सगळं गोड झालं असं नाही. लेहऱ्याचे जोड पुन्हा उसवावे लागल्याने ज्याने संगीत मिक्स केलं होतं तो वैतागला, आणि दुसऱ्यांदा केलेल्या कामाचे पैसे त्याला उशिरा मिळाले. ताईंच्या मानधनात सहा आठवड्यांच्या तालमीचं हॉलभाडं धरलेलंच नव्हतं. ते त्यांनी क्लासच्या खात्यातून भरलं होतं आणि ही गोष्ट दिग्दर्शकाला दिवाळीनंतर कळली.

वेगळं काय करता आलं असतं

तालमीच्या पहिल्या आठवड्यातच ताईंनी आवर्तनांचा तक्ता द्यायला हवा होता: कुठलं आवर्तन हलवता येईल, कुठलं गाळता येईल आणि कुठल्याला हात लावायचा नाही. दिग्दर्शकाला गाळण्यासारखी चार-पाच आवर्तनं सहज मिळाली असती. तत्काराच्या एका पलट्याची ती पुनरावृत्तीच होती. त्याने नेमकी तिहाई कापली, कारण कोणती वीट भिंतीची आणि कोणती नुसती रचलेली हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

लय ठरवताना संकलकाला विचारावं. २५ फ्रेमच्या टाइमलाइनवर मिनिटाला १२० मात्रा धरल्या तर एक मात्रा साडेबारा फ्रेमची होते. अर्धी फ्रेम कापता येत नाही, म्हणून मार्कर एकदा बारा, एकदा तेरा असे टाकावे लागतात. लय १२५ ठेवली की मात्रा बरोबर बारा फ्रेमची, चौगुणीतला (चौपट लयीतला) एक बोल तीन फ्रेमचा, अख्खं आवर्तन १९२ फ्रेमचं. नाचणाऱ्याला १२० आणि १२५ मधला फरक फारसा त्रास देत नाही. तबलजी क्लिकवर (कानात वाजणाऱ्या यांत्रिक ठोक्यांवर) वाजवायला तयार असला पाहिजे एवढंच, आणि चांगले तबलजी त्यावर नाक मुरडतात, तेही धरून चालावं.

तालीम कॅमेरा जिथे लागणार तिथून मोबाइलवर शूट करून त्याच रात्री दोघांनी मिळून बघायला हवी होती. दगड, प्लायवूड, चकरा हे सगळं घाटाच्या एका भेटीत कळलं असतं. ती भेट दिग्दर्शकाने एकट्याने दिली, चपला घालून.

कागदाचं म्हणाल तर दीड पान पुरतं. नृत्यरचनेचं मानधन वेगळं, तालमीचा खर्च वेगळा. श्रेय कसं आणि कुठे. रफ कटनंतर ताईंना किती दिवस, आणि त्यांचा शब्द कशापुरता अंतिम: ताल आणि बोल. चित्राबाबत दिग्दर्शकाचा. या दोघांनी पुढच्या कामासाठी असा करार स्टॅम्प पेपरवर केला आहे. त्यात उभ्या रीलबद्दल काही लिहिलेलं नाही, आणि गेल्या महिन्यात दिग्दर्शकाच्या टीमने याच नृत्यपटाची वीस सेकंदांची रील टाकली. त्यात डावी-उजवीकडच्या दोन मुली फ्रेमबाहेर गेल्या आहेत आणि तिहाई दुसऱ्या पल्ल्यावर संपते. ताईंनी मला लिंक पाठवली आहे, सोबत काही लिहिलेलं नाही.